व्रण आणि पाहणाऱ्यांची नजर

कर्करोगासाठी संपूर्ण स्तन काढला की छातीच्या त्या बाजूला सपाट त्वचा आणि काखेच्या दिशेने गेलेला लांब व्रण उरतो. काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या असतील तर हात सुजण्याचाही संभव असतो. पूर्वी शरीराची हानी याहून मोठी असे. अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी १८८२ च्या सुमारास रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही जात. कातडीखालून बरगड्या दिसत, काखेपाशी खळगा पडे. ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालली. छातीवरचे हे चित्र कोणाच्या नजरेला पडू द्यायचे नाही, हा अलिखित नियमही तेवढाच चिवट निघाला.

स्वतः या शस्त्रक्रियेतून गेलेल्या टेरेसे लॅसर यांनी १९५२ मध्ये ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम सुरू केला. त्यातल्या स्वयंसेविका रुग्णालयात नव्या रुग्णाच्या खाटेपाशी जात, हाताचे व्यायाम शिकवत आणि कपड्याच्या आत घालायचा तात्पुरता कृत्रिम स्तन देऊन येत. भेटायला येणारी बाई याच आजारातून उठलेली आहे, एवढ्यानेच अनेकींना धीर येई. पण त्या मदतीत एक गृहीतही होते: कोणाला काही कळले नाही, म्हणजे बाई पूर्ववत झाली.

हे गृहीत सर्वांत स्पष्टपणे उघडे केले कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी. १९७८ मध्ये त्यांचा उजवा स्तन काढला. काही दिवसांनी त्या तपासणीला गेल्या त्या ठेवणीतले कपडे घालून, मुद्दाम एकाच कानात डूल लेवून, आणि कृत्रिम स्तन न लावता. तिथल्या परिचारिकेने तो लावण्याचा आग्रह धरला; न लावल्याने दवाखान्यातल्या सर्वांच्या मनोधैर्यावर परिणाम होतो, असे तिचे म्हणणे पडले. ज्या दवाखान्यात रोज अशाच स्त्रिया येतात, तिथली ही गोष्ट. १९८० मध्ये आलेल्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकात लॉर्ड यांनी इस्रायलचे सेनानी मोशे दायान यांचे उदाहरण दिले. त्यांच्या डोळ्यावरची काळी पट्टी लोकांना शौर्याची खूण वाटे, काचेचा डोळा बसवा असे त्यांना कोणी सुचवत नसे. लॉर्ड यांचा पुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. प्रत्येकीने झाकून घेतले तर या स्त्रिया एकमेकींना ओळखणार कशा, आणि आजाराचा पसारा समाजाला दिसणार कसा?

आजाराविषयी बोलण्याचा संकोच त्याआधीच थोडा सैलावला होता. १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपली शस्त्रक्रिया जाहीर केली आणि तपासणीसाठी स्त्रियांची रीघ लागली. परंतु ऐकणे आणि पाहणे यांत फार अंतर असते. मॅटुश्का या छायाचित्रकार स्त्रीने स्वतःचे काढलेले छायाचित्र १५ ऑगस्ट १९९३ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’च्या मुखपृष्ठावर आले. अंगात पांढरा पोशाख, उजव्या छातीवरचे कापड कापून बाजूला केलेले आणि तिथला व्रण उघडा. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. काहींना ते चित्र घरात ठेवण्याजोगे वाटले नाही. काहींना आपले शरीर पहिल्यांदाच छापलेले दिसले. जाहिरातींतल्या उघड्या छातीला सरावलेल्या समाजाला व्रण असलेली छाती मात्र अश्लील वाटावी, ही विसंगती तेव्हा लख्ख दिसली. ती पुढेही टिकली. फेसबुकवरून अशी छायाचित्रे काढली जात असल्याची तक्रार २०१३ मध्ये हजारो सह्यांनिशी झाली, तेव्हा ती चालतील असे कंपनीने स्पष्ट केले.

याचा अर्थ झाकणारी स्त्री भित्री असा मुळीच नाही. एका बाजूचे वजन गेल्याने मान, खांदा, पाठ दुखू शकते. ब्लाउज, कुर्ता नीट बसत नाही. रस्त्यावर चार लोकांनी वळून पाहणे नको असते. बार्बी बाहुलीच्या निर्मात्या रूथ हँडलर यांना शस्त्रक्रियेनंतर बाजारात धड कृत्रिम स्तन मिळेना, म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी डाव्या-उजव्या बाजूंसाठी वेगवेगळे बनवून घेतले. सोय ही सोयच आहे; सक्ती झाली की ती जाचक ठरते.

शस्त्रक्रियाही आता सौम्य झाली आहे. गाठ काढून किरणोपचार केले तरी योग्य रुग्णांत जगण्याची शक्यता कमी होत नाही, हे बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांनी १९८५ मध्ये दाखवले. संपूर्ण स्तन काढावा लागला, तर त्याच्या पुनर्रचनेचा आणि कृत्रिम स्तनाचा खर्च बहुतेक विमा योजनांनी उचलावा, असा अमेरिकी कायदा १९९८ मध्ये झाला. तरीही सपाटच राहायचे ठरवलेल्या कित्येक स्त्रियांना, पुढे मन बदलेल म्हणून जास्तीची त्वचा तशीच ठेवल्याचा अनुभव आला. अशा स्त्रियांनी पाठपुरावा केला. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने जास्तीची त्वचा काढून छाती नीटस सपाट करण्याच्या शस्त्रक्रियेची आपल्या कोशात स्वतंत्र नोंद केली.