शेपटीचे पंख

जुनी अमेरिकन मोटार विकायला निघाली की तिच्या जाहिरातीत दोन गोष्टी आवर्जून सांगतात : हार्डटॉप आणि पंख. हार्डटॉप म्हणजे पोलादी, पक्के छप्पर. पण दोन खिडक्यांमधला खांब नाही. काचा उतरवल्या की सारी बाजू मोकळी!

पंखांचे मूळ मात्र विमानात आहे. जनरल मोटर्सचे हार्ले अर्ल यांना लॉकहीड पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीने मोहिनी घातली आणि १९४८ च्या कॅडिलॅकला मागे छोटे पंख फुटले. १९५९ साली, पावणेएकोणीस फूट लांबीच्या कॅडिलॅकवर, ते सर्वांत उंच झाले. १९६५ पर्यंत नाहीसेही झाले. त्याच वर्षी राल्फ नेडर यांनी आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की ही टोकदार शोभा पादचाऱ्यांना जखमी करते.

मग हे पंख कशासाठी? दरवर्षी रूप पालटले, की कालची धडधाकट गाडी मालकाला जुनाट वाटावी म्हणून!

कॉलेजात आल्यावर मला वडिलांच्या सायकलची लाज वाटू लागली होती. सायकल बिघडली नव्हती. माझी नजर बदलली होती. पंखांचा सारा व्यापार या नजरेवरच चालला.