८०-२० म्हणजे कशाचे ८० आणि कशाचे २०?

२००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या चार सायकलपटूंनी चार किलोमीटरची टीम परस्यूट शर्यत ३ मिनिटे ५९.७१० सेकंदांत जिंकली. चार मिनिटांच्या आत ही शर्यत संपवणारा तो पहिला संघ. पुढे २००२ मध्ये शूमाखर आणि म्युलर यांनी या संघाच्या तयारीवर एक पेपर लिहिला. त्यातला एक आकडा वाचून मी थांबलेच: वर्षाला २९,००० ते ३५,००० किलोमीटर सायकलिंग, आणि त्यातलं बहुतेक रस्त्यावर, आरामाच्या वेगात. चार मिनिटांच्या शर्यतीसाठी!

हा आकडा सायकलवाल्या मित्रमंडळींत टाकून बघा. बीआरएम करणारे म्हणतील, "आम्ही तेच सांगतोय, किलोमीटर घाला." छोट्या शर्यती करणारे म्हणतील, "त्यांना ऑफिस नसतं, त्यांचं काय सांगता!" (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीआरएम ही शर्यत नाही, तिथे नंबर काढत नाहीत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करायचे, एवढंच. छोटी शर्यत म्हणजे तासाभराच्या आतबाहेर संपणारी टाइम ट्रायल किंवा क्रिटेरियम.) आठवड्याला सात-आठ तास मिळणाऱ्या हौशी माणसाला दोन्ही करायचं असेल तर काय, हा प्रश्न मला आवडतो. कारण त्याचं उत्तर शोधताना पेपर कसा वाचायचा हेही शिकता येतं. तुमच्यातल्या ज्यांनी आयुष्यात सायकलची शर्यत पाहिली नाही, त्यांनीही म्हणून थांबा.

आधी लांब राइडने होतं काय? १९६७ मध्ये जॉन होलॉझी यांनी उंदरांना ट्रेडमिलवर धावायला लावून दाखवलं की दीर्घ सरावाने स्नायूंमधल्या मायटोकॉन्ड्रियाची ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट होते. चार मिनिटांच्या शर्यतीतही ऊर्जेचा पाऊण भाग किंवा त्याहून जास्त याच मार्गाने येतो. जर्मन संघाचे ते हजारो किलोमीटर वाया जात नव्हते ते यामुळे.

आता याच्या उलट टोकाचा पेपर. २००८ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात बर्गोमास्टर आणि सहकाऱ्यांनी एका गटाला आठवड्यातून पाच दिवस ४० ते ६० मिनिटं मध्यम वेगाने सायकल चालवायला दिली. दुसऱ्या गटाने आठवड्यातून तीनच दिवस, दर वेळी ३० सेकंदांचे चार ते सहा जीव तोडून स्प्रिंट मारले. सहा आठवड्यांनी स्नायूंमधले बदल दोन्ही गटांत सारखेच निघाले, आणि स्प्रिंटवाल्यांनी केलेलं एकूण काम सुमारे ९० टक्के कमी होतं.

मग लांब राइड कशाला? थांबा. हे लोक होते कोण? सराव नसलेले तरुण. नवख्या शरीराला काहीही दिलं तरी ते सुधारतं. शिवाय सहा आठवड्यांत मोजलेलं सारखेपण सहा वर्षांनी सारखं राहील असं त्या पेपरात कुठेही म्हटलेलं नाही. तसं म्हणणारे आपण वाचक असतो.

या दोन टोकांच्या मध्ये ८०-२० चा प्रसिद्ध नियम येऊन बसला आहे: ८० टक्के सराव गप्पा मारता येतील इतका सोपा, २० टक्के खरोखर कठीण, मधलं धापा टाकणं शक्यतो टाळायचं. स्टीफन सायलर हे नाव याच्याशी जोडलेलं आहे. २००६ मध्ये त्यांनी आणि केरलांड यांनी नॉर्वेच्या ज्युनियर स्की खेळाडूंच्या सरावाची नोंद तपासली, तेव्हा साधारण तीन चतुर्थांश सराव सोपा, १५ ते २० टक्के कठीण आणि मधला अगदी थोडा अशी विभागणी दिसली. कळीचा मुद्दा असा की ही टक्केवारी सरावाच्या सत्रांची होती, मिनिटांची नव्हे. आज कोणता दिवस, सोपा की कठीण, असं मोजलेलं.

पेट-नेटची तयारी करताना टक्केवारीची गणितं सोडवली असतील, तर हे गणित करून बघा. एक खेळाडू आठवड्यात १५ तासांत १० सत्रं करतो. त्यातली दोन कठीण. कठीण सत्रात आठ मिनिटांचे चार इंटरव्हल, म्हणजे ३२ मिनिटं. दोन सत्रांची ६४. सत्रांनी मोजलं तर ८०-२०. मिनिटांनी मोजलं तर ९०० पैकी ६४, म्हणजे ७ टक्के! वॉर्मअप आणि दोन इंटरव्हलमधला आराम सोप्या खात्यात गेला. आठवडा तोच, माणूस तोच.

आता आपला हौशी सायकलपटू. मंगळवार आणि गुरुवार सकाळी ऑफिसच्या आधी सव्वा-सव्वा तास इंटरव्हल, शनिवारी दीड तास आरामात, रविवारी तीन तास सिंहगडाच्या बाजूला फेरफटका. एकूण सात तास. सत्रांनी मोजलं तर ५०-५०, म्हणजे नियमाप्रमाणे भलतंच कठीण. मिनिटांनी मोजलं तर ४२० पैकी ६४, म्हणजे १५ टक्के कठीण, नियमात छान बसलं. कोणतं खरं? दोन्ही. नुसतं "८०-२० पाळतो" म्हणणाऱ्याने अजून काहीच सांगितलेलं नसतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. याच माणसाने रविवारच्या तीन तासांऐवजी २०० ची बीआरएम केली, दहा तास पेडल मारलं. आठवडा १४ तासांचा झाला, म्हणजे ८४० पैकी ६४, आठ टक्केसुद्धा नाही. कागदावर तो एकदम त्या १५ तासवाल्या खेळाडूच्या पंक्तीत जाऊन बसला. पण त्या खेळाडूचे १५ तास दहा दिवसांच्या नव्हे, तरी दहा सत्रांच्या हप्त्यांत येतात. याचे दहा तास एकाच दिवशी, उन्हात, वडापाव आणि केळ्यांवर. मंगळवारी याचे पाय इंटरव्हलला तयार नसतात. टक्केवारी सांगते की सराव सोपा झाला, शरीर सांगतं उलट. छेद वाढला म्हणून टक्का घसरला, बाकी काही नाही. माझ्या मते हौशी माणसाने टक्के सोडून द्यावेत आणि दोन साधे प्रश्न विचारावेत: या आठवड्यात कठीण मिनिटं किती, आणि ती ताज्या पायांनी झाली का?

टक्के सोडा म्हटलं म्हणून हा नियम निरुपयोगी ठरत नाही. २०१३ मध्ये नील आणि सहकाऱ्यांनी १२ प्रशिक्षित सायकलपटूंना दोन्ही पद्धती आळीपाळीने करायला लावल्या: सहा आठवडे ८० टक्के सोपं आणि २० टक्के कठीण, मग चार आठवडे खंड, मग सहा आठवडे ५७ टक्के सोपं आणि ४३ टक्के मधलं (काहींना उलट क्रमाने). पहिल्या पद्धतीत सर्वोच्च पॉवर सरासरी ८ टक्के वाढली, दुसऱ्यात ३ टक्के. माणसं बाराच, हे खरं. पण प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होती, म्हणून लहान संख्येतही काही दिसू शकलं. टक्के त्यांनी कसे मोजले हे मात्र मी सांगणार नाही. पद्धतीच्या भागात जाऊन स्वतः बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

दोन्ही सांभाळायचं असेल तर मला सगळ्यात उपयोगी वाटतात ते हिक्सन यांचे जुने पेपर, जे हल्ली फारसं कुणी उघडत नाही. १९८२ मध्ये त्यांनी लोकांकडून दहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज ४० मिनिटं जोरदार सराव करून घेतला. मग तीव्रता तीच ठेवून वेळ कमी केला, काहींना २६ मिनिटं, काहींना फक्त १३, आणि १५ आठवडे तसंच चालू ठेवलं. कमाल ऑक्सिजन क्षमता दोन्ही गटांत टिकली. चार-आठ मिनिटांत दमवणारी चाचणीही टिकली. पण दीर्घ सहनशक्तीची चाचणी १३ मिनिटवाल्यांमध्ये सुमारे १० टक्क्यांनी घसरली. १९८५ च्या पेपरात उलट केलं: वेळ तोच, तीव्रता कमी. तेव्हा कमाल ऑक्सिजन क्षमता घसरली.

म्हणजे बीआरएमच्या मोसमात आठवड्याला एखादं खरं कठीण सत्र राखलं, तर शर्यतीची बरीचशी धार शाबूत राहण्याची शक्यता आहे. उलट शर्यतीच्या मोसमात रविवारची राइड पूर्ण बंद केली, तर नुकसान आधी दिसणारच नाही. दहा मिनिटांच्या चाचणीत तुम्ही तितकेच दमदार असाल. ते दिसेल चौथ्या तासाला. २०२१ मध्ये मॉन्डर, सायलर आणि सहकाऱ्यांनी याच गुणाला "ड्युरेबिलिटी" म्हणून स्वतंत्रपणे मोजावं असं मांडलं. ताज्या पायांचा आकडा आणि काही तास दमल्यानंतरचा आकडा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे "टिकाऊपणा" म्हटलं की प्लॅस्टिकची बादली आठवते, म्हणून मी इंग्रजी शब्दच ठेवते.

शर्यतीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र ३०० किंवा ४०० ची बीआरएम लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात रात्रीची झोप जाते, आणि गेलेल्या झोपेचा हिशोब कोणत्याच झोनमध्ये लागत नाही.

यावर स्वतःचा अभ्यास आखायचा असेल तर सुरुवात इथून करा. हौशी सायकलपटूंचे दोन गट, कठीण मिनिटं दोघांना सारखीच, सोपे तासही महिन्याच्या हिशोबाने सारखेच. एका गटाला ते तास दर रविवारी वाटून, दुसऱ्याला महिन्यातून एका मोठ्या राइडमध्ये. चाचणी दोनदा घ्यायची, एकदा ताज्या पायांनी आणि एकदा तीन तास सायकल चालवल्यावर. मग पहिली अडचण समोर येईल: मोठ्या राइडनंतर कितव्या दिवशी चाचणी घ्यायची? तिसऱ्या दिवशी घेतली तर थकवा मोजला जाईल, चौदाव्या दिवशी घेतली तर कदाचित मधल्या दोन रविवारांचा परिणाम. तो दिवस आधीच ठरवून, कारणासकट प्रस्तावात लिहावा लागेल. तुमच्या गाइडचा पहिला प्रश्न बहुधा तोच असेल.