उताणा न होणारा हात

तुम्ही जिथे बसला असाल तिथेच एक छोटीशी कृती करून बघा. कोपर कमरेला टेकवा, हात काटकोनात पुढे धरा, अंगठा वर असू द्या. आता तळहात आकाशाकडे वळवा. मग जमिनीकडे वळवा. उताणा, पालथा. पुन्हा उताणा, पालथा. कोपर जागचं हललं नाही, मनगट नुसतं सोबत गेलं. मग फिरलं काय?

फिरलं ते कोपर आणि मनगट यांच्या मधलं एक हाड. तिथे हाडं दोन आहेत. करंगळीच्या बाजूचं अल्ना. ते कोपराशी बिजागरीसारखं बसलेलं असतं आणि हात वळताना जवळजवळ स्थिर राहतं. अंगठ्याच्या बाजूचं रेडिअस. त्याचं कोपराकडचं टोक चकतीसारखं गोल असतं, ते जागच्या जागी फिरतं. खालचं टोक मात्र मनगटाला घेऊन अल्नाला वळसा घालतं. हात उताणा असताना ही दोघं शेजारी शेजारी असतात, पालथा केला की रेडिअस अल्नावर तिरकं येतं. किल्ली फिरवायची, तव्यावरची भाकरी उलटायची, ओलं फडकं पिळायचं, तर हे फिरणं लागतं.

क्वचित एखादं मूल असं जन्माला येतं की त्याची ही दोन हाडं कोपराजवळ एकमेकांना जोडलेलीच असतात. याला रेडिओ-अल्नर सिनोस्टोसिस म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी: फिरायचं हाड फिरत नाही. वैद्यकाला ही गोष्ट नवी नाही. सँडिफोर्ट नावाच्या डच शरीरशास्त्रज्ञानं १७९३ मध्ये तिचं वर्णन करून ठेवलं आहे.

हे घडतं फार लवकर. गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास दंडाचं हाड, रेडिअस आणि अल्ना यांचे कूर्चेचे आराखडे एकसंध असतात. पुढे ते मनगटाच्या बाजूनं कोपराकडे सुटे होत येतात. हे सुटं होणं शेवटच्या टप्प्यावर थांबलं तर कोपराजवळची जोड तशीच राहते आणि पुढे तिचं हाड बनतं. त्या दिवसांत गर्भाचा हात पालथ्या अंगाला वळलेला असतो, म्हणून जोडलेला हात बहुधा त्याच बाजूला अडकतो. पाचवा आठवडा म्हणजे अनेक बायांना दिवस गेल्याची खात्रीसुद्धा झालेली नसते. तेव्हा आईनं ग्रहणात विळीवर काय चिरलं, ही चौकशी बंद केलेली बरी. ती चौकशी मी हिंदू घरांत ऐकली आहे आणि आमच्याही घरांत ऐकली आहे.

मूल लहान असताना कुणाला काही कळत नाही. दुखत नाही, कोपर वाकतं, बोटं चालतात. निम्म्याहून अधिक मुलांत दोन्ही हात असे असतात, त्यामुळे एका हाताशी दुसरा ताडून बघायची सोयही नसते. कळतं ते मूल तीन-चार वर्षांचं झाल्यावर किंवा शाळेत गेल्यावर. आणि कळण्याआधी ते बोलणी खातं.

माझ्या आपांच्या नातीचं असंच झालं. पंधरा ऑगस्टला शाळेत खाऊ वाटला. सगळ्या पोरांनी तळहात पुढे केला, हिनं पालथा हात पुढे करून बोटांच्या चिमटीत गोळी धरली. बाई म्हणाल्या, खाऊ असा हिसकावून घेतात का? मक्तबात तेच. दुआ मागताना तळहात वर करायचे असतात. हिचे समोरासमोर यायचे, डावा तर जमिनीकडेच झुकायचा. मौलवीसाहेबांना वाटलं पोरगी खेळते आहे. मला म्हणाली, ‘‘नाना, मी वर करतेच, पण ते होतच नाहीत.’’ सहा वर्षांची होती.

आपल्या भाषेकडे बघा. एका हाताचा पसा, दोन्ही हातांची ओंजळ. घेणारा हात पसरतो, मागणारा हात पसरतो. पालथेपणाला मात्र आपण पालथ्या घड्याशी नेऊन बसवलं आहे. शब्दांवर जगणाऱ्या माणसाला हे नेहमीचं, पण त्या दिवशी जाणवलं की अदब नावाची गोष्ट आपण सगळी रेडिअसच्या भरवशावर ठेवलेली आहे.

घरात आधी हाडवैद्याचं नाव निघालं. तेल लावून रोज थोडा थोडा पिळला तर सुटेल, असं एकाचं म्हणणं. हे करू नये. आखडलेला स्नायू मालिशनं सैल होईल, हाडाला जुळलेलं हाड होत नाही. आपांच्या लेकीनं पोरीला मिरजेच्या एका अस्थितज्ज्ञांकडे नेलं. एक्स-रेवर जोड स्पष्ट दिसली. अंगठा वर ही मधली स्थिती शून्य धरून ते अंश मोजतात. उजवा हात पालथ्या बाजूला साधारण वीस अंशांवर अडकलेला, डावा पन्नासच्या आसपास.

मग डॉक्टरांनी एक भलतीच गोष्ट केली. आमच्या जावयांना म्हणाले, तुम्ही तळहात वर करून दाखवा. त्यांचा एक हात अर्ध्यावरच थांबला. तीस वर्षं शिलाईकाम करणारा माणूस, त्याला स्वतःला पत्ता नव्हता! काही कुटुंबांत हे आईबापांकडून उतरतं. एसएमएडी-६ नावाच्या जनुकातले बदल अशा काही रुग्णांत सापडल्याचं चिनी संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. बहुतेक मुलांत दोष हातापुरताच असतो. पण थोड्या जणांत त्यासोबत लिंग-गुणसूत्रांची संख्या वाढलेली असते, किंवा रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी असतात. म्हणून एकदा पूर्ण तपासणी आणि रक्ताची साधी चाचणी करून घ्यावी, विशेषतः मुलाला सहज काळेनिळे डाग पडत असतील तर.

शस्त्रक्रियेबद्दल सगळ्यांना वाटतं की जोड कापली की झालं. कापलेली हाडं पुन्हा जुळतात, हा जुना अनुभव आहे. जपानमध्ये ओकिनावाच्या कानाया आणि इबाराकी यांनी त्या फटीत रक्तवाहिनीसकट चरबीचा थर बसवून फिरणं मिळवल्याचं १९९८ मध्ये मांडलं, पण ते अतिशय नाजूक काम आहे. सर्रास करतात ती शस्त्रक्रिया वेगळी. हाड कापून हात सोयीच्या कोनात वळवायचा आणि तिथेच जुळू द्यायचा. हात फिरायला लागत नाही, फक्त अडकण्याची जागा बदलते. त्यात नस दुखावण्याची, सूज येऊन रक्तपुरवठा अडण्याची भीती असते. म्हणून साधारण साठ अंशांपलीकडे अडकलेल्या हातालाच ती सुचवतात. क्लिअरी आणि ओमर या अमेरिकी डॉक्टरांनी १९८५ मध्ये शस्त्रक्रिया न केलेले २३ रुग्ण तपासले होते. त्यांतल्या बहुतेकांचं रोजचं काम फारसं अडलेलं नव्हतं. खांदा आणि मनगट मिळून बरीच कसर भरून काढतात.

मिरजेच्या डॉक्टरांनी अंश मोजल्यावर आणखी एक विचारलं: जेवते कोणत्या हातानं, धुते कोणत्या हातानं? आपल्याकडे हे विचारावंच लागतं, काटा-चमच्याच्या देशातला कोन आपल्या ताटाला पुरत नाही. उजव्या हातानं ती घास नीट तोंडापर्यंत नेत होती, डाव्यानं तिचं काम भागत होतं. शस्त्रक्रिया नको, दरवर्षी दाखवा, असं ठरलं. त्यांनी आपल्या लेटरहेडवर मराठीत चार ओळी लिहून दिल्या, की हिचे हात जन्मतः वळत नाहीत, तिला सक्ती करू नये. त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक बाईंना, एक मौलवीसाहेबांना. मौलवीसाहेबांनी चिठ्ठी वाचली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांसमोर सांगितलं, हिची दुआ अशीच. 

आता ती अकरावीला आहे. वजूसाठी पाणी घेताना दोन्ही कोपरं पोटासमोर एकमेकींना चिकटवते, मग तळहात थोडे वर येतात. तेवढ्यात चेहरा धुण्यापुरतं पाणी मावतं. दुकानदारानं सुटे पैसे पुढे केले की ‘गल्ल्यावर ठेवा’ म्हणते आणि वरून उचलून घेते.