वैमानिकाचा आरोग्यविमा : स्वस्त कोणता, महाग कोणता?

आरोग्यविमा हा विषय आपणां डॉक्टरांना नवा नाही. कॅशलेसची मंजुरी, टी.पी.ए.च्या शंका आणि रुग्ण घरी गेल्यानंतरही अडकून पडलेले देयक यांचा अनुभव बहुतेकांनी घेतलेला आहे. मात्र विमा निवडणाऱ्या नोकरदाराच्या बाजूने या विषयाकडे पाहण्याचा प्रसंग आपल्यावर क्वचितच येतो. माझ्यावर तो आला, आणि तोही अमेरिकेतील वैमानिकांच्या संदर्भात. तेथेच वाढलेला माझा भाचा एका प्रादेशिक विमान कंपनीत सहवैमानिक होता. दोन मोठ्या कंपन्यांकडून त्याला बोलावणे आले, तेव्हा पगाराचे कोष्टक त्याने स्वतः ताडून पाहिले आणि विम्याचे कागद बडोद्यास माझ्याकडे धाडले. पत्नीला पाचवा महिना लागलेला. "मामा, एकीकडे महिन्याला कमी कापतात. मग तीच स्वस्त ना?" असा त्याचा सरळ प्रश्न होता.

अमेरिकेत विमा नोकरीला जखडला गेला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले. मग कामगार टिकविण्यासाठी मालकांनी विम्याचे आमिष दाखविले, आणि पुढे करसवलतीने ती पद्धत पक्की झाली. के.एफ.एफ. या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार, नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता आणि त्यांतील ६,२९६ डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून जात होते. वैमानिकांच्या बाबतीत हा वाटा बहुधा संघटनेच्या करारात ठरतो. तेथील रेल्वे कामगार कायदा १९३६ पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे, आणि त्यानुसार कराराची मुदत सरली तरी नवा करार होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. म्हणून एका कंपनीचा वाटा आज कमी दिसत असेल, तर तिचा करार किती जुना आहे, हे आधी विचारावे.

आता खरी तुलना. पगारातून कापला जाणारा हप्ता हा खर्चाचा केवळ दर्शनी भाग असतो. त्यामागे डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्यापूर्वी स्वतः भरावयाची रक्कम. नंतर उरलेल्या देयकातील आपला टक्केवारीचा हिस्सा. आणि शेवटी या दोहोंवरील वार्षिक कमाल मर्यादा. उदाहरणादाखल आकडे घेऊ. पहिल्या योजनेत महिन्याला १५० डॉलर, डिडक्टिबल ३,००० डॉलर, हिस्सा २० टक्के, मर्यादा ७,०००. दुसरीत महिन्याला ३५० डॉलर, डिडक्टिबल ५००, हिस्सा १० टक्के, मर्यादा ३,०००. वर्षभर कोणी आजारी पडले नाही, तर पहिलीचा खर्च १,८०० आणि दुसरीचा ४,२००. पण बाळंतपणाचे देयक ३०,००० डॉलर झाले, तर दोन्हींची मर्यादा गाठली जाते आणि खर्च होतो अनुक्रमे ८,८०० आणि ७,२००. ज्या घरी पाळणा हलणार आहे, तेथे 'स्वस्त' योजना १,६०० डॉलरांनी महाग पडली! मालक आरोग्य बचत खात्यात काही रक्कम घालत असेल, तर ती अर्थातच वजा करावयाची. आणखी एक मेख आहे. वर्षाच्या मध्येच कंपनी बदलली, की डिडक्टिबलची मोजणी सामान्यतः पुन्हा शून्यापासून सुरू होते. भाच्याला मी शक्य असल्यास रुजू होण्याची तारीख बाळंतपणानंतरची मागण्यास सांगितले.

वैमानिकाचे जीवनही हिशेबात धरावे लागते. तो राहतो एका शहरी, त्याचा तळ दुसऱ्याच शहरी. तेव्हा योजनेशी करार असलेली रुग्णालये कुटुंबाच्या गावी आहेत का, हे पाहिले पाहिजे. मंदीत कनिष्ठांना प्रथम बसविले जाते. अशा वेळी 'कोब्रा' कायद्यानुसार विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो खरा, पण मालकाच्या वाट्यासह पूर्ण हप्ता, वर प्रशासनाचे २ टक्के, स्वतः भरून. वरील सरासरी धरली, तर महिन्याला २,१०० डॉलरांहून अधिक. आणि तेही पगार थांबलेला असताना.

निवृत्तीचेही तसेच. २००७ पर्यंत वैमानिक ६० व्या वर्षी निवृत्त होत आणि सरकारी मेडिकेअर ६५ व्या वर्षी मिळे. वयोमर्यादा ६५ झाल्याने ती दरी बुजली, परंतु केवळ वैमानिकापुरती. पत्नी पाच-सात वर्षांनी लहान असेल, तर तिच्या विम्याचे काय, ही ओळ दोन्ही कंपन्यांच्या कागदांत शोधावी.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बाब या कोष्टकांत बसतच नाही. चाळिशीनंतर दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण झाल्याशिवाय तेथील कॅप्टनला विमान चालविता येत नाही. आरोग्यविमा अँजिओप्लास्टीचे देयक भरील, बुडालेला पगार नाही. त्यासाठी अपंगत्वाचा वा परवाना गमावल्याचा वेगळा विमा लागतो, आणि तो किती महिने, पगाराच्या किती टक्के देतो, हा फरक हप्त्यातील फरकाहून कितीतरी मोठा असू शकतो. परवान्याच्या भीतीने वैमानिक डॉक्टरांनाच टाळतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,७६५ वैमानिकांच्या पाहणीत निम्म्याहून अधिकांनी तसे मान्य केले. त्यात डिडक्टिबल मोठे असेल, तर टाळण्यास आणखी एक सबब मिळते.

असे वैमानिक सुट्टीत मायदेशी आले, की नातेवाईक या नात्याने आपल्याकडे येतात. तेव्हा ध्यानात असू द्यावे की, तेथील तपासणीच्या अर्जात मागील तीन वर्षांतील वैद्यकीय भेटी नमूद कराव्या लागतात. म्हणून औषधाचे नाव व तारीख कागदावर लिहून द्यावी, आणि सर्दीसाठी झोप आणणारी गोळी सहज हातावर ठेवू नये. डायफेनहायड्रामिन घेतल्यानंतर ६० तास त्यांना विमान चालविण्यास मनाई आहे.