लडाखचे आकाश : हानलेच्या प्रवासाची पूर्वतयारी

धान्याच्या व्यापाऱ्याची दृष्टी आकाशाकडे वळते ती बहुधा पावसाच्या चिंतेने. परंतु आकाश हे केवळ मेघांचे घर नव्हे. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्रे व प्रकीर्णक तारे असे ज्योतिष्क देवांचे पाच भेद सांगितले आहेत. आपल्या शेजारचे मळखेड ही राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाची राजधानी. त्याच्याच कारकीर्दीत, नवव्या शतकात, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. अशा परंपरेतील मुलांना दिव्यांच्या झगमगाटामुळे आकाशगंगा ठाऊकच नसावी, हे मनाला खटकते. म्हणून निर्णा येथील आम्ही काही कुटुंबांनी लडाखमधील हानले येथे जाण्याचे योजिले आहे. त्या तयारीत जे उमगले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

हानले हे चांगथांगच्या थंड वाळवंटातील गाव. हिमालयाच्या आडोशामुळे तेथे पाऊस अत्यल्प. हवा कोरडी व विरळ. याच कारणाने बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने तेथे सुमारे 4,500 मीटर उंचीवर वेधशाळा उभारली. तिची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आपल्याच राज्यातील होसकोटे येथून उपग्रहाद्वारे चालविली जाते. 2022 साली हा परिसर अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. गावातील तरुण-तरुणींना दुर्बिणी व शिक्षण देण्यात आले असून पाहुण्यांना तारे दाखविणे हा त्यांचा व्यवसाय झाला आहे. अंधार राखून उपजीविका व्हावी, ही गोष्ट व्यापाऱ्याने ध्यानी घेण्याजोगी आहे.

काळ कोणता निवडावा? तारे पाहण्यास अमावास्या हवी. तुरीची मुख्य आवक पौष-माघात होऊन जाते, मूग-उडीद श्रावण-भाद्रपदात येतात आणि आषाढात चातुर्मास लागतो. म्हणून आम्ही वैशाख अमावास्या धरली आहे. तेव्हा मध्यरात्रीनंतर वृश्चिक व धनु राशींतून जाणारा आकाशगंगेचा दाट पट्टा दक्षिणेस दिसतो. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून सुमारे 18 अंशांवर असतो, तेथे तो सुमारे 33 अंशांवर. मुलांना पृथ्वीचा गोलपणा समजावण्यास याहून सोपा धडा नाही.

खरा प्रश्न प्रकृतीचा आहे. दिल्लीहून विमानाने निघालेला मनुष्य दीड तासाच्या आसपास सुमारे 3,500 मीटर उंचीच्या लेहमध्ये उतरतो, आणि शरीराला विरळ हवेची सवय होण्यास अवकाशच मिळत नाही. म्हणून लेहमध्ये निदान दोन पूर्ण दिवस विश्रांती, मग मधला एखादा मुक्काम, आणि नंतर हानले. डोकेदुखी, मळमळ वा धाप असेल तर वर चढू नये. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी तत्काळ खाली उतरावे. हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी वैद्यांच्या अनुमतीविना निघूच नये. साठी उलटलेल्या आम्हा मंडळींपैकी ज्यांना लेहमध्ये त्रास होईल त्यांनी तेथूनच परतावे, आणि त्यात कोणीही कमीपणा मानू नये, असे आम्ही आधीच ठरविले आहे.

व्रतनियमांचाही विचार आवश्यक आहे. त्या कोरड्या हवेत शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. चौविहार पाळणाऱ्यांनी दिवसभर थोडेथोडे पाणी घेत राहावे. तेथे सूर्यास्त सातनंतर होतो, ही अनुकूलता आहे. निर्जळ उपवास मात्र त्या दिवसांत योजू नये. उंचीवर पाणी सुमारे 86 अंशांवरच उकळते. त्यामुळे उघड्या भांड्यात आपली तूरडाळ तासन्‌तास शिजत नाही. प्रेशर कुकर, मूगडाळ, खाखरे व सातूचे पीठ सोबत असावे, आणि कांदा-बटाटा वर्ज्य असल्याचे यजमानांना आगाऊ कळवावे. परवान्याचे नियम बदलत असतात. ते लेहच्या प्रशासनाकडून निघण्यापूर्वी जाणून घ्यावेत.

तेथे रात्री मोटारीचे प्रखर दिवे लावू नयेत, असा दंडक आहे. तो पाळणे हा आपल्या संयमधर्माचाच भाग होय. ज्यांना एवढा प्रवास शक्य नाही त्यांनी अमावास्येच्या रात्री निर्ण्याबाहेरच्या शेतात मुलांना घेऊन जावे. वृश्चिक राशी तर हानलेपेक्षा आपल्याकडेच आकाशात अधिक उंच चढते.