चोरसूचक यंत्रणा

चोरसूचक यंत्रणा : बंद जागेत अनधिकृत प्रवेश झाल्यास वा तसा प्रयत्न होत असल्यास घंटा, भोंगा किंवा दूरसंदेश यांच्याद्वारे इशारा देणारी साधनयोजना. प्रवेशाची जाणीव घेणारे संवेदक, नियंत्रक व इशारा देणारे साधन हे तिचे तीन मुख्य भाग होत. घरे, दुकाने व बँका यांप्रमाणेच मुख्य वास्तूपासून अलग असलेल्या कोठारांसाठी व बागेतील अवजारांच्या खोपींसाठीही ती वापरतात.

विजेवर चालणाऱ्या अशा यंत्रणेचे एकस्व (पेटंट) अमेरिकेतील ऑगस्टस रसेल पोप यांना १८५३ मध्ये मिळाले. दार वा खिडकी उघडताच विद्युत् मंडल पूर्ण होई आणि विद्युत् चुंबकाच्या योगाने हातोडी घंटेवर आपटत राही. पुढे एडविन होम्स यांनी या यंत्रणेचे हक्क विकत घेऊन बॉस्टन व न्यूयॉर्क येथे तिचा प्रसार केला.

मंडलाची रचना दोन प्रकारची असते. खुल्या मंडलात दार उघडल्यावर प्रवाह सुरू होतो. मात्र चोराने तार आधीच तोडली असल्यास इशारा मिळत नाही. बंद मंडलात अल्प प्रवाह सतत वाहत असतो व तो खंडित होताच भोंगा वाजतो. त्यामुळे तार तोडणे हेही इशाऱ्यास कारण होते. म्हणून संरक्षणासाठी दुसरा प्रकार श्रेयस्कर ठरतो.

दारासाठी बहुधा रीड खटका वापरतात. काचनळीत बसविलेल्या लोह-निकेल मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या दारावरील चुंबकामुळे एकमेकींना चिकटून राहतात. दार उघडून चुंबक दूर गेला की त्या विलग होतात. लाकडी खोपीत मात्र दार न उघडता फळ्या उचकटून किंवा खिडकीतून शिरणे शक्य असते. यासाठी आत अवरक्त संवेदक लावतात. मानवी शरीरातून बाहेर पडणाऱ्या, सु. ९ ते १० मायक्रॉमीटर तरंगलांबीच्या आसपास तीव्रतम असलेल्या प्रारणातील बदल तो ओळखतो. ऊन, उष्ण हवेचे झोत, मांजर किंवा संवेदकाच्या भिंगावर फिरणारा कोळी यांमुळे तो फसू शकतो. म्हणून त्याची जागा विचारपूर्वक निवडावी लागते.

खोपीपर्यंत वीज नसल्यास विद्युत् घटमाला व तिला भारित करणारे लहान सौर पट्ट वापरतात. थंडीत घटमालेची क्षमता घटते, हे ध्यानात घ्यावे लागते. भोंगा उंच व सहज हाती न लागेल असा बसवितात. खोपीतील इशारा घरात ऐकू जाईल अशी सोय नसेल, तर यंत्रणेचा उपयोग बराच कमी होतो.

वारंवार होणारा खोटा इशारा हा या यंत्रणेचा मोठा दोष होय. कारण त्यामुळे शेजारी खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतात. इंग्लंडमध्ये २००५ च्या एका अधिनियमाने स्थानिक संस्थांना विशिष्ट क्षेत्रे जाहीर करण्याचा अधिकार दिला. तेथील चोरघंटाधारकांस किल्ली बाळगणाऱ्या व्यक्तीची नोंद करावी लागते.

यंत्रणा चोरास अडवीत नाही, केवळ त्याची वार्ता देते. मजबूत कोयंडा, आरपार बोल्टांनी बसविलेल्या बिजागऱ्या व चांगले कुलूप यांमुळे मिळणारा अवधी हाच इशाऱ्याला अर्थ देतो. खोपीतील शिडी, पहार व फावडे यांचा उपयोग करून चोर घरही फोडू शकतो. त्यामुळे खोपीचे संरक्षण हा घराच्याच संरक्षणाचा भाग ठरतो.