गावाच्या मताला दीडपट वजन द्यावे काय?

मंडळी, मागच्या वेळी मोहाडीतच एका धान उत्पादकाने आम्हाला विचारले, "सर, शहरं फुगत चालली, मग आमच्या मताला दीडपट वजन का नको?"

प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. 2008 च्या पुनर्रचनेत विदर्भाच्या लोकसभेच्या जागा 11 वरून 10 झाल्या, विधानसभेच्या 66 वरून 62. तिकडे ठाण्याच्या वाढल्या. जपानमध्ये 1972 च्या निवडणुकीत काही ग्रामीण मते शहरी मताच्या जवळपास पाचपट भरली होती, आणि तिथल्या भातशेतकऱ्याला सरकारने वर्षानुवर्षे जपले. म्हणजे उपाय लागू पडतो, हे कबूल.

तरी आम्हाला तो पटत नाही. संविधान सभेत 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी प्रत्येक मताचे मूल्य सारखे असण्याबद्दल सांगितले. (1954 मध्ये याच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्याच सारख्या मतांनी ते हरले, बरं का.) गाव म्हणजे एक माणूस नव्हे. पन्नास एकरवाला आणि त्याच्या बांधीत रोवणी करणारी बाई, दोघांनाही दीड मत दिले तर दोघांतले अंतर तसेच राहते. आणि उद्या तीच बाई नागपूरला बांधकामावर गेली, तिथे नाव नोंदवले, की तिचे मत घटणार? बाई तीच, गरिबी तीच!

खरी अडचण अंतराची आहे. मुंबईत सहा खासदार. भंडारा-गोंदियाच्या एवढ्या पसाऱ्याला एक. खासदार निधी मात्र दोघांनाही वर्षाला 5 कोटीच. तो क्षेत्रफळ पाहून द्या, तालुक्याला खासदाराचे कार्यालय द्या. मागायचे तर आपण हे मागू.